कॅल्शियम आलं कुठून? पिट्युटरी पेशीचा आलेख वाचायची पद्धत

पावसाळ्यात सांगलीकराला दोन गोष्टी कळायला हव्या असतात. आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आलं, आणि ते आलं कुठून. पहिल्याचं उत्तर पट्टीवर दिसतं. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. दुसऱ्यासाठी चौकशी करावी लागते. कोयनेचे दरवाजे किती उचललेत? पाऊस वरच आहे की इथेही? हरिपुरात वारणेचा फुगवटा आहे का? पट्टीवर फूट तेवढेच दिसतात, पण घरातलं सामान माळ्यावर टाकायचं की थांबायचं, हे त्या दुसऱ्या उत्तरावर ठरतं.

पिट्युटरी या मेंदूखालच्या ग्रंथीतल्या पेशीत कॅल्शियम वाढलं की ती संप्रेरक सोडते. त्या कॅल्शियमचा आलेख वाचायलाही हीच सवय लागते. आलेखावर उंची दिसते, उगम दिसत नाही. एम.एस्सी.ची मुलं कागद हातात पडला की थेट रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या हुकूम ऐकणाऱ्या प्रोटीनवर, उडी मारतात. "मॅडम, टीआरएच दिलंय, म्हणजे जी-क्यू." (टीआरएच हे मेंदूकडून पिट्युटरीला येणारं हुकूम-संप्रेरक, जी-क्यू हे रिसेप्टरचं एक घराणं. दोन्ही पुढे येतील.) उत्तर बरोबर असतं. पण ते बाटलीवरचं लेबल वाचून दिलेलं असतं. आलेखाकडे कुणी पाहिलेलंच नसतं. म्हणून माझ्या वर्गात नियम आहे: औषधाचं, म्हणजे पेशीवर टाकलेल्या द्रव्याचं, नाव झाकायचं, आणि कॅल्शियम कुठून आलं ते आधी सांगायचं.

खालची पद्धत त्याच क्रमाने आहे. त्यासाठी मायक्रोस्कोप हवाच असं नाही. शोधनिबंधातला छापील आलेख, आलेखाचा कागद, टोकदार पेन्सिल आणि जमलं तर स्प्रेडशीट एवढं पुरतं.

पहिली पायरी: पेशी कोणती ते ठरवा

पिट्युटरी ही मेंदूच्या तळाशी, हाडाच्या खोबणीत बसलेली ग्रंथी. माणसात तिचं वजन सुमारे अर्धा ग्रॅम. तिच्या पुढच्या भागात पाच प्रमुख प्रकारच्या पेशी असतात आणि त्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. सोमॅटोट्रॉफ वाढीचं संप्रेरक बनवतात आणि संख्येने सर्वांत जास्त असतात. लॅक्टोट्रॉफ दूध आणणारं प्रोलॅक्टिन बनवतात, कॉर्टिकोट्रॉफ एसीटीएच (अॅड्रिनल ग्रंथीसाठी), थायरोट्रॉफ टीएसएच (थायरॉइडसाठी), आणि गोनॅडोट्रॉफ एलएच व एफएसएच (अंडाशय-वृषणांसाठी).

डिशमध्ये सुट्या केलेल्या पेशी सगळ्या सारख्याच गोल दिसतात. डोळ्यांनी ओळख पटत नाही. मग संशोधक तीनपैकी एक वाट धरतात: प्रयोगानंतर संप्रेरकाला चिकटणाऱ्या अँटिबॉडीने रंगवायचं, आधीच चमकणारं प्रोटीन घातलेले प्राणी वापरायचे, किंवा पेशी कशाला उत्तर देते यावरून ठरवायचं. तिसरी वाट स्वस्त आणि निसरडी. जीएनआरएचला (गोनॅडोट्रॉफसाठीचं मेंदूचं हुकूम-संप्रेरक) उत्तर देणारी पेशी बहुतेक वेळा गोनॅडोट्रॉफ असते, पण टीआरएचला थायरोट्रॉफही उत्तर देते आणि लॅक्टोट्रॉफही. तेव्हा निबंधाच्या पद्धती-विभागात पेशी कशी ओळखली हे आधी शोधा. तिथे काहीच लिहिलेलं नसेल तर समासात पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढून पुढे जा. शेवटी ते कामाला येतं.

दुसरी पायरी: औषध देण्याआधीचा भाग पाहा

हा भाग सगळे वगळतात, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

पेशीबाहेर कॅल्शियम साधारण १ ते २ मिलिमोलर असतं, शांत पेशीच्या द्रवात सुमारे १०० नॅनोमोलर. म्हणजे दहा हजार पटींहून जास्त फरक. शिवाय पेशीच्या आत ईआर नावाची जाळी असते. तिच्यावरचे सर्का पंप सतत कॅल्शियम आत ओढून साठवत असतात. बाहेर पाऊस, आत धरण, आणि मध्ये जवळजवळ कोरडं पात्र, असं चित्र डोळ्यांपुढे ठेवा.

पण हे पात्र सगळ्या पिट्युटरी पेशींत सारखं कोरडं नसतं. या पेशी कुणी न सांगताही विजेचे ठोके देतात. गोनॅडोट्रॉफचा ठोका उंच आणि अरुंद असतो, काही मिलिसेकंदांत संपतो. तेवढ्या वेळात व्होल्टेज-चॅनेलमधून (पेशीच्या पटलावरची, वीज बदलली की उघडणारी दारं) आत येणारं कॅल्शियम नगण्य असतं, त्यामुळे आलेखाची रेघ जेमतेम थरथरते. लॅक्टोट्रॉफ आणि सोमॅटोट्रॉफ वेगळ्या. त्यांचा ठोका बुटका, पण वर गेला की तिथेच रेंगाळतो. त्या पठारावर छोट्या लाटा उठत राहतात आणि हे सेकंद-दोन सेकंद, कधी त्याहून जास्त चालतं. दार तेवढा वेळ उघडं राहिलं की कॅल्शियम भरपूर आत येतं. म्हणून या पेशींचा आलेख औषधाआधीच डोंगररांगेसारखा असतो, आणि कुठलाही हुकूम नसताना त्या संप्रेरक सोडत असतात.

ठोका पठारासारखा का होतो, याचं उत्तर गमतीचं आहे. बीके नावाचे पोटॅशियम चॅनेल कॅल्शियम वाढलं की उघडतात. पोटॅशियम बाहेर गेलं की ठोका थांबायला हवा, असं पुस्तक सांगतं. सोमॅटोट्रॉफमध्ये उलट दिसतं. बीके इतक्या लवकर उघडतात की ठोक्याचं टोकच छाटलं जातं. पुरती उंची न गाठल्याने ठोका उतरवणारे दुसरे, जोरदार पोटॅशियम चॅनेल नीट जागेच होत नाहीत, आणि पेशी अर्ध्यावर लटकत राहते. थांबवायला आलेला पाहुणा गप्पा लांबवून बसतो, तसं. उंदरांच्या पेशींवरचं हे निरीक्षण २००१ साली छापलं गेलं आणि अजूनही परीक्षेत उलटं लिहिलं जातं.

काम: औषधाच्या खुणेआधीची किमान दोन मिनिटं मोजा. किती शिखरं, किती उंच, रेघ सपाट आहे का. "शांत" किंवा "आपोआप चालू" असं कागदावर लिहा. ते न लिहिता पुढे गेलात तर डोपामिनचा आलेख कधीच कळणार नाही, ते पुढे येईल.

तिसरी पायरी: उंचीचा खरा अर्थ लावा

आलेखाच्या उभ्या अक्षावर बहुधा कॅल्शियम नसतं, चमक असते. पेशीत कॅल्शियमला चिकटला की चमक बदलणारा रंग भरतात. फ्लुओ-४ सारखा रंग एकाच तरंगलांबीवर वाचतात. तिथे "सुरुवातीच्या किती पट" एवढंच कळतं. फुरा-२ मध्ये ३४० आणि ३८० नॅनोमीटरचा प्रकाश आळीपाळीने टाकतात, ५१० च्या आसपासची चमक मोजतात आणि दोन्हींचं गुणोत्तर काढतात. पेशी जाड असो वा पातळ, रंग कमी शिरलेला असो वा जास्त, गुणोत्तरात ते बरंचसं कटतं. रॉजर त्सिएन आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दिलेलं सूत्र असं: गुणोत्तरातून किमान गुणोत्तर वजा करा, त्याला कमाल गुणोत्तर वजा चालू गुणोत्तर याने भागा, आलेल्या आकड्याला रंगाच्या बंधन-स्थिरांकाने (शरीराच्या तापमानाला २२४ नॅनोमोलर) आणि बीटाने गुणा. कॅल्शियम अजिबात नसताना ३८० वर मिळणारी चमक भागिले कॅल्शियम भरपूर असतानाची चमक म्हणजे बीटा.

आकडे घालून पाहू. किमान ०.३, कमाल ६, बीटा ५ धरा. गुणोत्तर ०.८ असताना कॅल्शियम सुमारे १०८ नॅनोमोलर. गुणोत्तर २ झालं की ४७६. आणि ३.२ झालं की ११६०. गुणोत्तर चौपट, कॅल्शियम जवळजवळ अकरापट! म्हणजे आलेखावर शिखरं जितकी उंच, तितकी ती प्रत्यक्षात दिसतात त्याहून जास्त उंच असतात. दोन औषधांची तुलना नुसत्या गुणोत्तरावर करणारी मुलं इथेच फसतात.

दुसरी फसगत पार्श्वभूमीची. पेशी नसलेल्या कोपऱ्यातही थोडी चमक असते. समजा ती दोन्ही तरंगलांबींना १०० आहे. शिखरावर खरी चमक ६०० आणि ३००, म्हणजे गुणोत्तर २. वजाबाकी विसरलात तर ७०० भागिले ४००, म्हणजे १.७५, आणि कॅल्शियम ४७६ ऐवजी ३८२. पेशीने काहीच केलेलं नाही, आणि पाचवा हिस्सा गायब.

चौथी पायरी: आकारावरून घराण्याचा अंदाज

पिट्युटरीवर हुकूम चालवणारे बहुतेक रिसेप्टर जी-प्रोटीनचे, म्हणजे पेशीच्या आतल्या जी-प्रोटीनमार्फत निरोप पुढे देणारे. तीन घराणी पुरतात.

जी-एस घराणं सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढवतं. सोमॅटोट्रॉफवरचा जीएचआरएचचा रिसेप्टर आणि कॉर्टिकोट्रॉफवरचा सीआरएचचा रिसेप्टर (दोन्ही मेंदूची 'संप्रेरक सोड' म्हणणारी हुकूम-संप्रेरकं) याच घरचे. इथे धरण उघडत नाही. पटलावरची विजेची हालचाल वाढते, ठोके जास्त आणि लांब होतात, बाहेरचं कॅल्शियम आत येतं. आलेखात सुरुवातीचं उंच शिखर नसतं. डोंगररांग दाट होत जाते, रेघ हळूहळू वर चढते.

जी-क्यू घराणं फॉस्फोलायपेज-सीला जागं करतं. ते पटलातला एक मेद कापून आयपी-थ्री आणि डीएजी हे दोन निरोपे रेणू बनवतं. आयपी-थ्री द्रवातून ईआरपर्यंत जाऊन तिथले दरवाजे उघडतं. जीएनआरएच, टीआरएच, कॉर्टिकोट्रॉफवर व्हॅसोप्रेसिन, सोमॅटोट्रॉफवर घ्रेलिन, हे सगळे या घरचे. खूण म्हणजे काही सेकंदांत उठणारं उभं शिखर.

जी-आय घराणं उलट्या दिशेचं. लॅक्टोट्रॉफवर डोपामिन, सोमॅटोट्रॉफवर सोमॅटोस्टॅटिन. सायक्लिक एएमपी घटतं, एका जातीचे पोटॅशियम चॅनेल उघडतात, व्होल्टेज-चॅनेल दाबले जातात. ठोके बंद, रेघ सपाट.

हा अंदाज पेन्सिलने लिहा, पेनने नाही.

पाचवी पायरी: उगम तपासा

आता खरं काम. तीन तपासण्या, आणि निबंधात या तिन्हींचे आलेख शेजारी-शेजारी असतात का ते बघायचं.

एक, पाऊस बंद करा. बाहेरच्या द्रवातलं कॅल्शियम काढून औषध द्या. उभं शिखर तरीही आलं तर पाणी धरणाचं. काहीच आलं नाही तर बाहेरचं. जीएचआरएचचं उत्तर इथे विझतं. जीएनआरएचचं पहिलं शिखर टिकतं. पण "कॅल्शियम घातलं नाही" आणि "कॅल्शियम नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काचेतून, इतर क्षारांतून, पाण्यातून थोडं येतंच. म्हणून ईजीटीए घालून ते बांधून टाकतात. सिडनी रिंगरचा १८८०च्या दशकातला किस्सा मी इथे सांगतेच. मिठाच्या द्रावणात बेडकाचं हृदय छान ठोके देत होतं. नंतर कळलं की द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी लंडनच्या नळाच्या पाण्याने केलं होतं. शुद्ध पाणी घेतलं तेव्हा हृदय मंदावत थांबलं. नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमने काम केलं होतं. ज्यांच्या घरी बोअरच्या पाण्याने गिझरला पापुद्रा धरतो त्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही.

दोन, धरण रिकामं करा. थॅप्सिगार्जिन हे भूमध्य सागराकाठच्या एका वनस्पतीतलं द्रव्य सर्का पंप कायमचे बंद करतं. ईआरमधून कॅल्शियम नेहमीच थोडं झिरपत असतं. भरणारा पंप बंद पडला की धरण काही मिनिटांत रितं होतं. कॅल्शियमविरहित द्रवात हे दिलं तर आलेखात एक बसका, सावकाश फुगवटा दिसतो. तो उतरल्यावर औषध द्या. जी-क्यूचं उभं शिखर आता येता कामा नये. यानंतर बाहेर पुन्हा कॅल्शियम घातलं की रेघ परत वर चढते, आणि मुलं म्हणतात औषधाने काम केलं. नाही. धरण रितं झाल्याची वर्दी स्टिम प्रोटीन पटलावरच्या ओराय चॅनेलला देतं आणि ते भरणीसाठी उघडतात. म्हणून औषध न दिलेला जोडीचा आलेख मागा.

तीन, पटलावरचं दार लावा. निफेडिपिन, तेच रक्तदाबाच्या गोळीतलं, एल-प्रकारचे व्होल्टेज-चॅनेल बंद करतं. आपोआप चाललेली डोंगररांग याने सपाट होते, जी-एसचं उत्तर मावळतं, जी-क्यूचं पहिलं शिखर राहतं पण त्यामागचं पठार खचतं.

निफेडिपिनने मला तीन दिवस रडवलंय. शिकत असताना, एका प्रयोगशाळेत, माझ्या लॅक्टोट्रॉफवर ते चालेचना. पहिल्या दिवशी थोडा परिणाम, तिसऱ्या दिवशी शून्य. मी वहीत लिहूनही टाकलं की या पेशींत एल-चॅनेलचा वाटा नाही. मार्गदर्शकांनी वाचलं, काही बोलले नाहीत. खिडकीजवळ ठेवलेली बाटली हातात घेऊन शेजारच्या टेबलावरच्या सहायकांनी विचारलं, "हिला चांदीचा कागद का नाही?" निफेडिपिन प्रकाशात मोडतं. उन्हाच्या तिरिपेत माझी बाटली मी स्वतःच निकामी केली होती. फुरा-२ चा प्रकाश तर अतिनील, म्हणजे मायक्रोस्कोपखालीही तीच गत. तेव्हापासून "औषधाचा परिणाम नाही" हे वाक्य दिसलं की औषध जिवंत होतं का, हे मी आधी शोधते. त्यासाठी प्रयोगाच्या शेवटी जास्त पोटॅशियमचं द्रावण दिलेलं असावं. त्याने पटलाचं व्होल्टेज चढून एल-चॅनेल उघडतात. निफेडिपिन चांगलं असेल तर ही उडीही दबते.

धरणाची उपमा इथपर्यंतच. कोयनेचे दरवाजे नदीची पातळी बघून आपोआप उघडत नाहीत. ईआरचे उघडतात, आणि बंदही होतात. त्याचंच पुढे.

सहावी पायरी: गोनॅडोट्रॉफची लाट मोजा

हा आलेख मी कागदावर हाताने काढून घेते. आडव्या चौकोनाला दहा सेकंद धरा. औषधाआधी रेघ १०० नॅनोमोलरच्या आसपास, जवळजवळ सपाट. मध्यम मात्रेचं जीएनआरएच दिलं. काही सेकंद काहीच नाही. मग रेघ उभी चढते, हजार नॅनोमोलरच्या घरात जाते, तितक्याच झपाट्याने खाली येते आणि जवळजवळ तळाला टेकते. थोडी थांबते. पुन्हा चढते. दर काही सेकंदांनी, मिनिटामागून मिनिट, एका मापाच्या लाटा. ही लय विजेच्या ठोक्यांची नाही, ईआरची आहे. कॅल्शियमविरहित द्रवातही ती काही मिनिटं चालू राहते आणि मग धरण न भरल्याने विझते.

लय येते ती आयपी-थ्रीच्या दरवाजाच्या स्वभावामुळे. द्रवात कॅल्शियम थोडं वाढलं की तो जास्त उघडतो. फार वाढलं की मिटतो. मेंदूतल्या या चॅनेलचा असा घंटेसारखा वक्र १९९१ मध्ये मोजला गेला. म्हणून थोडी गळती झाली की ती स्वतःला वाढवते आणि शिखर उभं राहतं. शिखर आलं की दरवाजा मिटतो. मग सर्का पंप कॅल्शियम परत ओढतात, दरवाजा पुन्हा उघडण्याजोगा होतो. आयपी-थ्री सतत तेवढंच असतानाही लाट येते ती यामुळे.

आता वीज आणि लाट यांचा मेळ बघा. प्रत्येक लाटेच्या माथ्यावर कॅल्शियम एसके नावाचे पोटॅशियम चॅनेल उघडतं आणि पेशीचं व्होल्टेज खाली ओढलं जातं, ठोके थांबतात. लाट उतरली की एसके मिटतात, व्होल्टेज वर येतं, दोन-चार ठोके पडतात. त्या फटीत बाहेरचं थोडं कॅल्शियम आत येतं आणि धरणाची भरपाई होते. ऊस तोडायला एक टोळी आणि भरायला दुसरी, दोघी एका वेळी फडात उतरत नाहीत, अशी व्यवस्था. व्होल्टेज आणि कॅल्शियम एकाच कागदावर छापलेले असतील तर दोन्ही रेघा उलट्या नाचताना दिसतात. मधमाशीच्या विषातलं अपामिन एसके बंद करतं. ते दिलं की हा विराम नाहीसा होतो.

मोजायचं काय? उंची नाही, संख्या. जीएनआरएचची मात्रा वाढवली तर लाटा फारशा उंच होत नाहीत. पहिली लाट लवकर येते आणि लाटा दाट होतात. मात्रा खूपच वाढवली की लाटा एकमेकींत विरघळतात आणि आलेख एक शिखर व मागे लांब पठार असा होतो. तेव्हा कागदावर तीन आकडे लिहा: औषधापासून पहिल्या लाटेपर्यंतचे सेकंद, मिनिटाला लाटा, आणि लाटा राहिल्या की पठार झालं.

आणि कृपा करून सरासरीचा आलेख यासाठी वापरू नका. पन्नास पेशींच्या लाटा वेगवेगळ्या वेळी उठतात. सगळ्यांची सरासरी काढली की एक गुळगुळीत टेकडी उरते. एका विद्यार्थिनीने अशाच टेकडीवरून "गोनॅडोट्रॉफमध्ये लाटा नसतात" असा निष्कर्ष लिहिला होता. पुरवणी आकृतीत सुट्या पेशींच्या रेघा होत्या. पान उलटायचं राहिलं.

सातवी पायरी: टीआरएचचे दोन अंक

लॅक्टोट्रॉफवर टीआरएच दिलं की पहिला अंक धरणाचा: उभं शिखर, आणि त्याच वेळी एसकेमुळे ठोके बंद. दुसरा अंक पावसाचा: पहिल्यापेक्षा जोरात चालणारे ठोके, व्होल्टेज-चॅनेलमधून येणारं कॅल्शियम, मिनिटं-मिनिटं टिकणारी वरची रेघ. एकच रिसेप्टर, दोन उगम. कॅल्शियमविरहित द्रवात पहिला अंक होतो, दुसरा होत नाही. निफेडिपिनमध्येही तसंच. टीआरएचची रचना १९६९ मध्ये गियमाँ आणि शॅली यांच्या गटांनी उलगडली. त्यासाठी त्यांनी मेंढ्या-डुकरांच्या मेंदूचे तुकडे अक्षरशः लाखांच्या हिशेबात गोळा केले होते, आणि १९७७ च्या नोबेलमध्ये दोघांचा वाटा होता.

आठवी पायरी: डोपामिनचा आलेख उलटा वाचा

इथे दुसऱ्या पायरीची नोंद लागते. डिशमध्ये डोपामिन नसतं, त्यामुळे लॅक्टोट्रॉफ मोकाट ठोके देत असतात. शरीरात मात्र हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागातून खास शिरांच्या जाळ्यातून डोपामिन सतत उतरत असतं आणि डी-टू रिसेप्टर त्यांना दाबून ठेवतो. म्हणजे डिशमधली "औषधाआधीची सुरुवात" ही खरं तर लगाम काढलेली पेशी. डोपामिन दिल्यावर रेघ शंभराच्या आसपास सपाट होते. ते धुऊन काढलं की डोंगररांग परत येते, कधी आधीपेक्षा जोरात.

मिरजेला दवाखान्यांची कमी नाही, त्यामुळे याचं दैनंदिन रूप आमच्या मुलांना घरीच भेटतं. उलटीवर दिलं जाणारं मेटोक्लोप्रामाइड किंवा डॉम्पेरिडोन, आणि मानसिक आजारावरची काही औषधं, डी-टू रिसेप्टर अडवतात. लगाम सुटतो, प्रोलॅक्टिन चढतं, पाळी अनियमित होते, कधी बाळ नसताना दूध येतं. उलट कॅबरगोलिन आणि ब्रोमोक्रिप्टिन डोपामिनसारखा हाच रिसेप्टर चालू करतात, म्हणून प्रोलॅक्टिनच्या गाठीवर बहुतेकदा शस्त्रक्रियेआधी गोळीच देतात. रिपोर्टवर वाढलेलं प्रोलॅक्टिन दिसलं तर रुग्ण कोणत्या गोळ्या घेतो हे डॉक्टर आधी विचारतात, ते या सपाट रेघेमुळे. गोळी मनाने बंद करायची नसते, हे वेगळं.

नववी पायरी: घड्याळ बदला

सेकंदांचा आलेख वाचून झाला की तासांचा विचार एकदा करा. जीएनआरएच शरीरात झटक्यांनी येतं. नैसर्गिक पुरवठा बंद झालेल्या रीसस माकडांना नोबिल यांच्या गटाने १९७८ च्या सुमारास तासाला एक झटका दिला, तेव्हा एलएच-एफएसएच परत सुरू झाले. तेच संप्रेरक सतत दिलं तेव्हा दोन्ही घसरले. ल्युप्रोलाइडसारखी औषधं याच घसरणीसाठी दिली जातात: प्रोस्टेटच्या कर्करोगात, किंवा फार लवकर वयात येणाऱ्या मुलांना. तेव्हा दहा मिनिटांच्या आलेखावरून "हे औषध एलएच वाढवतं" असं लिहिलंत तर ते त्या दहा मिनिटांपुरतं खरं असतं.

दहावी पायरी: घराण्यावर शिक्कामोर्तब

चौथ्या पायरीतला पेन्सिलचा अंदाज आता पेनने लिहायचा की खोडायचा? त्यासाठी जी-प्रोटीनलाच हात घालावा लागतो. जी-एस असेल तर कोलियस या आपल्याकडच्याच वनस्पतीच्या मुळांतून मिळणारं फोर्स्कोलिन रिसेप्टरला वगळून सायक्लिक एएमपी वाढवतं. आलेख औषधासारखाच निघाला पाहिजे. कॉलऱ्याचं विष जी-एसला चालू स्थितीत अडकवतं. जी-क्यू असेल तर थॅप्सिगार्जिनची तपासणी आधीच झालेली आहे, तिच्याकडे परत या. जी-आय असेल तर डांग्या खोकल्याच्या जंतूचं विष, म्हणजे पर्टुसिस टॉक्सिन, ते घराणं मुकं करतं. मग डोपामिन दिलं तरी डोंगररांग चालूच राहते.

पर्टुसिस टॉक्सिन लगेच काम करत नाही. ते पेशीत शिरून आपला बदल घडवायला तास घेतं, म्हणून पेशी बहुधा रात्रभर त्यात ठेवतात. निबंधात "दहा मिनिटं आधी दिलं, परिणाम दिसला नाही" असं असेल तर तो पुरावा धरू नका. आणि स्वतः करणार असाल तर विषाची डिश आणि विषाशिवायची डिश एकाच संध्याकाळी, एकाच पेशींच्या घाण्यातून भरा, झाकणावर वेळ लिहा, आणि सकाळी आधी विषाशिवायच्या डिशमध्ये डोपामिन देऊन रेघ सपाट होते का ते बघा. तिथेच सपाट झाली नाही, तर दुसरी डिश मायक्रोस्कोपखाली ठेवायची गरजच नाही.